हातगुण

(दृश्य : पहाट. मिरज जंक्शनबाहेर रिक्षांची रांग. एक्स-रेचं मोठं पाकीट छातीशी धरून उभा असलेला म्हातारा.)

निवेदन :

मिरजेला पहाटेच्या गाडीनं उतरणाऱ्या कितीतरी जणांच्या हातात एक्स-रेचं पाकीट असतं. कुणी जतहून आलेलं, कुणी कवठेमहांकाळहून, कुणी कर्नाटकातल्या अथणी-कागवाडहून. रिक्षावाला त्यांना पत्ता विचारत नाही. "कुठले डॉक्टर?" एवढंच विचारतो.

हे आजचं नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल इथं १८९४ साली उभं राहिलं. त्यांच्या नावाची वानलेसवाडी आजही सांगली-मिरज रस्त्यावर आहे. १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं. मग गल्लोगल्ली दवाखाने झाले. आमचाही त्यातलाच.

खाली दवाखाना, वर घर. बाबा सर्जन, आई भूलतज्ज्ञ. मध्ये एकवीस पायऱ्या. लहानपणी बाबांच्या चपलांचा आवाज ऐकून मला कळायचं, केस कशी झाली ते. पायऱ्या भराभर वाजल्या की सगळं ठीक. मधेच आवाज थांबला की आई ताट वाढायची थांबायची.

(दृश्य : सतारमेकर गल्ली. कारागीर घोडीवर कानस फिरवतोय. जवळून फक्त बोटं.)

आमच्या गावात हाताला फार मान. इथली सतार आणि तंबोरा देशभर जातो. तार जिच्यावर टेकते ती घोडी घासून स्वराला गुंजन आणायचं, म्हणजे जवारी काढायची. ती काढणाऱ्या कारागिराचं सगळं कसब बोटांत असतं. पण जवारी मनासारखी लागली नाही, तर तो घोडी काढतो आणि पुन्हा घासतो.

सर्जनच्या हातासाठी गावाकडे एक शब्द आहे. हातगुण. "त्या डॉक्टरांचा हातगुण चांगलाय." पाटीवरची डिग्री कुणी वाचत नाही, हातगुण विचारून येतात. बाबांना हा शब्द आवडायचा. मला तो मोठेपणी भीतीदायक वाटायला लागला. कारण हातगुण म्हणजे शिक्षण नव्हे, मेहनत नव्हे. तो देवानं दिलेला, आणि म्हणून कधीही काढून घेतला जाईल असा.

(दृश्य : रात्र. उसानं भरलेल्या ट्रॉल्या. मागून येणाऱ्या मोटरसायकलचा दिवा.)

कारखान्यांचे हंगाम सुरू झाले की इथल्या सर्जनच्या रात्री बदलतात. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अशाच एका रात्री एक तरुण शेतकरी आमच्याकडे आला. पोटाला मार लागून आतडं फाटलेलं. तो कुठल्या गावचा, हे मी सांगणार नाही.

इथं मला थोडं थांबून समजावायचंय. फाटलेल्या आतड्याचा तुकडा कापून काढला, की उरलेली दोन टोकं एकमेकांना शिवतात. ती जोड टिकली की नाही हे टेबलावर कळत नाही. कळायला दिवस जातात. साधारण तिसऱ्या दिवसापासून सातव्यापर्यंत सर्जन वाट बघत असतो. नाडी वाढतेय का, ताप आहे का, पोट फुगलंय का, नळीतून येणाऱ्या पाण्याचा रंग बदलला का. निष्णात हातानं घातलेली जोडही सुटू शकते. रक्तदाब बराच वेळ खाली राहिलेला असतो, पोटात घाण सांडलेली असते, अंगात ताकद नसते. सर्जनला हे सगळं पाठ असतं. तरीही जोड सुटली, की त्याला पहिला आठवतो तो स्वतःचा टाका.

पाचव्या दिवशी जोड सुटली. बाबांनी पोट पुन्हा उघडलं, धुतलं, आतड्याचं तोंड बाहेर काढलं. नवव्या दिवशी तो मुलगा गेला.

त्याच्या वडलांनी आरडाओरडा केला नाही. हात जोडले. म्हणाले, "तुमी काय कमी केलं न्हाय, सायेब. आमचंच नशीब." बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले, मग वर आले. त्या दिवशी पायऱ्यांवरचा आवाज तीनदा थांबला. जेवताना त्यांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. सकाळी नऊला हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं होतं. ते त्यांनी केलं. व्यवस्थित केलं.

(दृश्य : रिकामं ऑपरेशन थिएटर. धुऊन पालथे ठेवलेले हिरवे कपडे. बंद दिवा.)

अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा डॉक्टरांसाठी 'दुसरा बळी' असा शब्द वापरला. रुग्णांच्या काही कुटुंबांनी पुढे त्यावर आक्षेप घेतला, आणि मला तो पटतो. ज्याचा मुलगा गेला त्याच्या शेजारी डॉक्टरला बसवू नये. पण शब्द बाजूला ठेवला तरी जे घडतं ते उरतंच. ते आम्ही घरात बघितलं.

बाबा रात्री दोनला उठून खाली जायला लागले. पेशंट झोपलेला असायचा, हे त्याची नाडी धरून उभे. केसपेपरवर एकच नोंद पुन्हा पुन्हा लिहायचे. कृष्णाघाटावर फिरायला जाणं बंद झालं, कारण वाटेत कुणीतरी "त्या पोराचं काय झालं हो?" असं विचारेल. मोठ्या शहरातला सर्जन गर्दीत हरवू शकतो. मिरजेत नाही. इथं भाजी देणारी मावशीसुद्धा कुणाची तरी पेशंट असते.

आणि मग बाबा अवघड केस पुढं पाठवायला लागले. "पुण्याला न्या," म्हणायचे. ज्या केस त्यांनी वीस वर्षं केल्या, त्याच. पुणे म्हणजे रस्त्यानं आणखी चार-साडेचार तास, आणि फाटलेल्या आतड्याला तेवढा वेळ नसतो. सर्जनचं मन खचतं तेव्हा ते ओझं जतहून आलेल्या माणसापर्यंत पोचतं. म्हणूनच मला हे घरातलं दुखणं घराबाहेर सांगावंसं वाटलं.

(दृश्य : हॉस्टेलच्या गॅलरीत वाळत घातलेले ॲप्रन. पहाटे चार.)

शिकत असतानाच हे सुरू होतं. निवासी डॉक्टरांची ड्युटी आठवड्याला ४८ तासांपर्यंत असावी, असं केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलेलं आहे. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलाला ७४ तासांची मर्यादा सुचवावी लागली. सर्जरीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या कुणालाही विचारा, तो दोन्ही आकड्यांवर गप्प होईल. कॉलेजात मृत्यूंवर बैठक होते. काय चुकलं, कुठं उशीर झाला, कुणी नोंद केली नाही. हे विचारलंच पाहिजे. पण रात्रभर त्या पेशंटशेजारी उभ्या असलेल्या पोराला 'तू झोपलास का?' असं विचारणारं त्या खोलीत कुणी नसतं. आणि आमच्यासारख्या एका सर्जनच्या दवाखान्यात तर बैठकही नसते. असतो तो एकटाच.

अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या सदस्यांची २००८ साली एक पाहणी झाली. ७,९०५ सर्जननी उत्तरं दिली. शंभरातल्या सहांहून अधिक जणांच्या मनात मागच्या वर्षभरात आत्महत्येचा विचार येऊन गेला होता. त्यातल्या फक्त २६ टक्क्यांनी मानसोपचाराची मदत घेतली होती. सुमारे ६० टक्के मदत घ्यायला कचरत होते, लायसन्सवर परिणाम होईल म्हणून.

तिथं लायसन्सची भीती. इथं वेटिंग रूमची. मिरजेतले मानसोपचारतज्ज्ञ बाबांचे ओळखीचे, त्यांच्या बाकावर बाबांचेच पेशंट. उपचारांची माहिती गोपनीय राहावी हा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं प्रत्येकाला दिला आहे. बाबांना तो माहीत होता. तरी उपयोग नव्हता, कारण त्यांना कागद फुटण्याची भीती नव्हती. "आपल्या डॉक्टरांनाच झालंय म्हणे काहीतरी," एवढं एक वाक्य गावात फिरलं असतं, तर हातगुण संपला.

(दृश्य : पडद्याच्या तळाशी पट्टी — टेली मानस, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही.)

शेवटी आईनं धरलं. थिएटरमध्ये ती त्यांच्या समोर, पेशंटच्या डोक्याशी बसते. मास्कच्या वरचे डोळे तिला वीस वर्षं वाचता येतात. एका साध्या ॲपेंडिक्सला बाबांनी गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली, पुन्हा सोडली. ती तिथं काही बोलली नाही. रात्री म्हणाली, "उद्याची लिस्ट मी रद्द केलीय. आपण कोल्हापूरला जाऊ."

पन्नास किलोमीटर लांब, म्हणून कोल्हापूर. पहिल्या वेळी बाबांनी गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावायला सांगितली. काही महिने गोळ्या चालल्या आणि दर पंधरा दिवसांनी बोलणं. आधी झोप परत आली. बाकीचं हळूहळू. बरं व्हायला त्यांना जवळजवळ वर्ष लागलं. त्या वर्षातही त्यांनी ऑपरेशनं केली, पण मोजकी, आणि अवघड केसला दुसऱ्या सर्जनला सोबत घेऊन. आधी हे त्यांना कमीपणाचं वाटलं असतं.

(दृश्य : जिना. वरच्या पायरीवर पिवळा बल्ब. खाली वॉर्डातला मंद उजेड.)

हे चित्रीकरण करत होते त्या आठवड्यात खाली एक बाई ॲडमिट होती. आतड्याचीच केस. तिच्या पाचव्या रात्री मी कॅमेरा बंद करून झोपायला निघाले, तर बाबा जिन्यात बसलेले. दहाव्या-अकराव्या पायरीवर. फोनवर त्यांचा कॉलेजातला मित्र होता, तोही सर्जन, सांगलीचा. पूर्वीही हे दोघं असे बोलायचे, पण फक्त पेशंटबद्दल.

बाबा म्हणाले, "ताप नाही. नाडी नव्वद. पोट मऊ आहे." मग थोडा वेळ गप्प. मला वाटलं, फोन ठेवतील.

"मला मात्र झोप येत नाहीये रे," बाबा म्हणाले. "बोल जरा."

आईनं स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि चहाचं आधण ठेवलं.