सातपुड्यात दोन दिवस: किलोमीटर नको, घाट मोजा

राम राम मंडळी. कसा शेतस बठ्ठा?

परवा एका दादांचा मेसेज आला. शनिवारी पहाटे धुळ्याहून निघायचं, तोरणमाळचं थंड हवेचं ठिकाण आणि अस्तंब्याचं शिखर बघायचं, रविवारी पाल गाव आणि मनुदेवीचं मंदिर करून रात्री घरी. खाली विचारलंय, "जमेल ना?"

नाही जमणार, दादा. का जमणार नाही ते आज नकाशा समोर ठेवून सांगतो, आणि दोन दिवसांत काय छान जमतं तेही सांगतो.

[पडद्यावर नकाशा]

हा आपला सातपुडा. गुजरातेतल्या राजपिपळ्याच्या डोंगरांपासून थेट अमरकंटकपर्यंत, सुमारे 900 किलोमीटर. उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला तापी. खानदेशाच्या वाट्याला यातला अक्कलकुव्यापासून रावेरपर्यंतचा पट्टा येतो. या पट्ट्याच्या पायथ्यानं एक रस्ता धावतो, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्ग. अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, रावेर, सगळी गावं याच रस्त्यावर ओळीनं बसलेली.

आता फणी डोळ्यासमोर आणा. हा महामार्ग म्हणजे फणीची पाठ आणि डोंगरात चढणारे रस्ते म्हणजे तिचे दात. एका दातावरून वर गेलात की दुसऱ्या दातावर जायला बहुतेक वेळा खाली पाठीवर यावंच लागतं. तोरणमाळ एका टोकाच्या दातावर, पाल दुसऱ्या टोकाच्या. नकाशात दोन्ही हिरव्याच रंगात दिसतात, म्हणून ती शेजारी वाटतात.

म्हणून माझा नियम एकच: दोन दिवस असतील तर सातपुड्याचं एकच टोक धरायचं. आणि अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नाही, तासांत मोजायचं. पायथ्याच्या रस्त्यावर मी तासाला 50 किलोमीटर धरतो, घाटात 25. मोबाइलवरचा नकाशा यापेक्षा कमी वेळ दाखवेल. त्याला पुढे चाललेला उसाचा ट्रॅक्टर दिसत नाही.

जळगाव, भुसावळकडच्या मंडळींनी पूर्वेचं टोक घ्यावं. आडगावजवळची मनुदेवी, यावल अभयारण्य, पाल, सुकी नदीवरचं गारबर्डी धरण. निवांत होतं. हिवाळ्यात जाणार असाल तर बामणोद-भालोदकडच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ल्याशिवाय परत फिरू नका. त्या टोकावर वेगळा व्हिडिओ करायचा आहे, म्हणून आज पश्चिमेकडे वळतो. माझा जीव तिकडेच आहे.

धुळ्याहून सकाळी सहाला निघा. दोंडाईचा, मग सारंगखेडा. इथं तापी ओलांडताना पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबा. दत्तजयंतीच्या सुमारास जात असाल तर इथली घोड्यांची जत्रा लागेल. तेव्हा पाच मिनिटांत निघणं होत नाही, दोन तास धरा. पुढे शहादा.

शहाद्यात तीन कामं उरका. टाकी पूर्ण भरा, रोख पैसे काढा, आणि वरच्या भागाचा नकाशा मोबाइलमध्ये डाउनलोड करून ठेवा, कारण पुढे नेटवर्क येतं-जातं. नावांकडेही लक्ष द्या. धडगाव आणि अक्राणी ऐकून दोन ठिकाणं वाटतात, पण अक्राणी हा तालुका आणि धडगाव त्याचं मुख्य गाव. उनपदेवाचं याच्या उलट आहे, नाव एक आणि जागा दोन. गरम पाण्याचा एक झरा शहाद्याजवळ दऱ्याकडे, दुसरा चोपडा तालुक्यात अडावदजवळ. दोघांत शंभरहून जास्त किलोमीटरचं अंतर. नुसतं नाव टाकून मोबाइलच्या मागे गेलात तर दिवस वाया जाईल.

शहादा, म्हसावद, राणीपूर आणि मग तोरणमाळचा घाट. शहादा जेमतेम दीडशे मीटर उंचीवर आहे, तोरणमाळ हजार मीटरच्या वर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे मे महिन्यात शहाद्यात 42 असेल तर वर पस्तीस-छत्तीसच्या आसपास. डिसेंबरात मात्र हेच गणित कानटोपी घालायला लावतं. मुलं सोबत असतील तर एक जाड पांघरूण गाडीत टाकाच.

आता सात पायरी घाट. वरून पाहिलं की रस्त्याचे वेढे एकाखाली एक रचलेले दिसतात, म्हणून हे नाव. चढताना त्रास नाही. त्रास उतरताना होतो, आणि तो मी भोगलाय.

काही वर्षांपूर्वी मी आणि माझे मेहुणे तोरणमाळहून उशिरा निघालो. वर सूर्यास्त बघत बसलो होतो. अंधार पडलेला, रस्ता माझ्या ओळखीचा नाही, म्हणून प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत उतरत होतो. मध्येच जळक्या रबरासारखा वास यायला लागला. मला वाटलं कोणीतरी खाली कचरा पेटवलाय. पुढच्या वळणावर पाय ब्रेकवर ठेवला तर पेडल मऊ, लोण्यात पाय रुतावा तसं खाली गेलं. मेहुण्यांनी हँडब्रेक ओढला, मी दुसऱ्या गिअरवर आणली, गाडी डोंगराच्या कडेला घासत थांबली. खाली उतरून चाकाजवळ हात नेला तर वीतभर लांबूनच धग लागत होती. अर्धा तास आम्ही दोघं दगडावर बसून होतो. कोणी कोणाशी बोललं नाही.

झालं काय होतं, तर सतत दाबून ब्रेक तापले, आणि त्या उष्णतेनं ब्रेक ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पाय दाबतो तो ऑइलवर नाही, बुडबुड्यांवर. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात ते ऐका: ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. गाडीला इंजिन धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणापुरता. ऑटोमॅटिक असेल तर घाट लागायच्या आधीच गिअर मॅन्युअलवर घ्या. वास आलाच तर जागा बघून थांबा, आपोआप निवू द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते. आणि अंधारात हा घाट उतरायचाच नाही, म्हणून रात्रीचा मुक्काम वर. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, वनविभागाचं विश्रामगृह आहे. खोली आधी पक्की करा, सुट्टीच्या दिवशी वर जाऊन शोधू नका.

वर यशवंत तलाव, कमळ तलाव, गोरखनाथाचं मंदिर, सीताखाई. दुपारी पोहोचलात तर संध्याकाळ तलावाकाठी आणि सकाळ सीताखाईला ठेवा. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते, तेव्हा घाट गाड्यांनी भरलेला असतो. दुसऱ्या दिवशी उतरताना उनपदेव, मग प्रकाशाला तापी-गोमाईचा संगम बघून घर. दोन दिवस झाले.

तिसरा दिवस असेल तर मात्र घरी जाऊ नका. म्हसावदहून धडगाव, तिथून मोलगी, आणि देवगोई घाटानं अक्कलकुव्यात उतरा. फणीचे दोन दात वरच्या वर जोडणारा रस्ता इथं मिळतो, म्हणून मला हा सगळ्यात आवडतो. वाटेत अस्तंब्याचं शिखर दिसत राहतं, सुमारे 1,325 मीटर. दिवाळीत अश्वत्थाम्याच्या यात्रेला माणसं पायी चढतात. गाडीच्या सहलीत ते बसत नाही, त्यासाठी वेगळं यावं लागतं.

एप्रिल-मेमध्ये गेलात तर या रस्त्याला कैरीचा वास असतो. धडगावकडे घराच्या अंगणात बाया कैऱ्यांचा ढीग घेऊन बसतात. एका हातात कैरी, दुसऱ्या हातात सोलणं, साल एका बाजूला पडत जाते आणि फोडी उन्हात पसरलेल्या. पांढऱ्या फोडी दोन-तीन दिवसांत तांबूस होतात, ओढून बघितलं तर चामड्यासारख्या. हेच आमचूर. मी दरवर्षी दोन किलो आणतो, आईला बाजारातलं चालत नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात आलात तर भोंगऱ्या बाजार लागेल, ढोल, पावा, अख्ख्या डोंगरातली माणसं एका गावात. फोटो काढायच्या आधी विचारा, तो त्यांचा सण आहे.

पावसाळ्याचं सांगतो. डोंगर तेव्हाच सगळ्यात सुंदर असतो आणि रस्ता तेव्हाच सगळ्यात वाईट. तळोद्याकडून धडगावला चढणारा चांदसैली आणि अक्कलकुव्याकडचा देवगोई, दोन्ही घाटांत दरड कोसळून वाट बंद झालेली आहे. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये निघायच्या आदल्या संध्याकाळी ओळखीच्या कोणाला तरी फोन लावा. ओळख नसेल तर पायथ्याच्या गावात पंक्चरवाल्याकडे थांबा, वरून उतरणारी प्रत्येक जीप त्याच्या समोरून जाते. त्याला फक्त एवढंच विचारायचं: "भाऊ, घाट चालू शे का?"