ठोकळ्याच्या कडा

रसिकहो, माझ्या हातात हा जो लाकडी ठोकळा आहे, तो पाच सेंटिमीटरचा घन आहे. त्याच्या सहाही बाजूंचे क्षेत्रफळ मिळून १५० चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे झेरॉक्सच्या एका ए-फोर कागदाच्या पाव भागापेक्षाही कमी. एवढ्याशा जागेवर कागदाचे कपटे, रंग, दोरा, जर, पत्रा असे निरनिराळे साहित्य बसवून त्यातून एक एकसंध वस्तू कशी घडवायची, हा आजचा विषय आहे. माझे मुख्य म्हणणे आधीच सांगते : ठोकळा सजवणे म्हणजे सहा छोटी चित्रे चिकटवणे नव्हे. ठोकळ्याला बारा कडा असतात, आणि काम साधते किंवा बिघडते ते त्या कडांवर. भिंतीवरचे चित्र आपण समोरून पाहतो. ठोकळा मात्र हातात घेऊन फिरवून पाहिला जातो, आणि तो फिरवताना बोट सर्वांत आधी कडेवर येते.

कोलाजचा, म्हणजे निरनिराळे तुकडे चिकटवून केलेल्या चित्राचा, इतिहास सांगताना १९१२ सालचे पिकासोचे वेताच्या खुर्चीचे स्थिरचित्र हटकून सांगितले जाते. त्या चित्रात त्याने वेताच्या विणीचा छाप असलेला मेणकापडाचा तुकडा चिकटवला, हे बहुतेकांना ठाऊक असते. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. ते चित्र लंबवर्तुळाकार आहे, जेमतेम २९ बाय ३७ सेंटिमीटरचे आहे आणि त्याच्या कडेने चौकटीऐवजी खरा दोरखंड फिरवलेला आहे. छापील कापड, तैलरंग आणि दोरखंड या तीन परक्या गोष्टी एकत्र नांदतात, त्याचे बरेचसे श्रेय मी त्या कडेच्या दोराला देते.

आपल्याकडेही याचे एक जुने उदाहरण आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढल्यानंतर देवादिकांची रंगीत चित्रे घरोघरी पोचली. त्यातल्या कित्येक चित्रांना घरच्या बायकांनी कापडाची वस्त्रे चढवली, जर लावली, टिकल्या आणि मणी टाके घालून बसवले. अशी चित्रे आजही जुन्या घरांतून आणि संग्रहांतून पाहायला मिळतात. मिश्र माध्यम हा शब्द कानावर नसताना केलेले ते मिश्र माध्यमाचेच काम होय. लक्ष्मीच्या साडीचा काठ जिथे छापील रेषेला भिडतो, तिथे जर नेमकी त्या रेषेवरून गेलेली असली की कापड कुठे संपले आणि छपाई कुठे सुरू झाली हे चटकन कळत नाही. कडेची जाण म्हणतात ती हीच.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. सुताराकडे उरलेले तुकडे मिळतात, पण कोणते लाकूड आहे ते विचारून घ्यावे. सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे त्यावर गोंदाची पकड कमी बसते. असा तुकडा आधी स्पिरिटने पुसून घ्यावा. ठोकळ्याच्या चार बाजूंना लाकडाचे धागे लांबीने गेलेले असतात आणि दोन टोकांना ते आडवे कापलेले असतात. ती दोन टोके टीपकागदासारखी पाणी, रंग आणि गोंद शोषून घेतात. म्हणून सगळ्या बाजूंना एकच हात दिला, तर चार बाजू नीट चिकटतात आणि टोकांवरचा कागद चार दिवसांनी फुगून वर येतो. टोकांना आधी पातळ फेव्हिकॉलचा एक हात द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मगच पुढच्या कामाला लागावे. आधी १२० आणि नंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासताना कडांची धारही किंचित मोडावी. धारदार कडेवर कागद आधी पांढरा पडतो आणि नंतर फाटतो.

कागदालाही लाकडासारखा धागा असतो. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ओला झालेला कागद धाग्याच्या आडव्या दिशेने जास्त वाढतो, आणि धाग्याला समांतर मात्र सहज वळतो. म्हणून जो कागद एका बाजूवरून दुसरीवर वळवायचा आहे, त्याचा धागा कडेला समांतर ठेवावा.

जिथे कागद वळवायचा नाही, तिथे तो कडेपाशी कापावा लागतो, आणि नवशिक्यांचे काम बहुधा इथेच फसते. कागद आधी अचूक मापाने कापून मग चिकटवला, तर ओला होऊन तो वाढतो आणि एका कडेला बाहेर डोकावतो. त्यापेक्षा तो चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोठा ठेवून चिकटवावा, मधून बाहेर दाबत हवा काढावी आणि रात्रभर वाळू द्यावा. सकाळी पॉलिश पेपरची छोटी पट्टी तिरकी धरून कडेवरून फक्त खालच्या दिशेने घासावी. चार-पाच हातांत जादा कागद आपोआप सुटून पडतो आणि कड कात्रीला कधीच साधणार नाही इतकी नेमकी येते. पट्टी उलटी, म्हणजे वरच्या दिशेने, चालवली की चिकटलेला कागदच उचलला जातो. ही एक गोष्ट हाताला लागली की अर्धे काम हाताला लागले.

गोंदाबद्दल थोडक्यात सांगते. मी तीन भाग फेव्हिकॉल आणि एक भाग पाणी असे प्रमाण ठेवते. पूर्वी मैद्याची खळ वापरत आणि तिला कीड लागू नये म्हणून पुस्तकबांधणी करणारे तिच्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी असते, आणि ठोकळे लहान मुलांच्या हाती जातात; त्यामुळे मी ती वाट धरत नाही.

कागद कोणता निवडावा? कुर्ट श्विटर्स या जर्मन कलावंताने १९१९ पासून ट्रामची तिकिटे, वेष्टने आणि छपाईचे रद्दी तुकडे जोडून लहान लहान कोलाजे केली. ती पाहिली की आपल्या पाकिटातल्या कागदांकडे नव्या नजरेने पाहावेसे वाटते. एसटीची जुनी रंगीत तिकिटे, ज्यांना वाहक चिमट्याने भोक पाडत असे, ती ठोकळ्यासाठी फारच सुरेख : कागद पातळ, रंग फिका आणि भोकातून खालचा रंग दिसतो. आताचे यंत्रातून निघणारे तिकीट मात्र जसेच्या तसे कधीही चिकटवू नये. तो कागद उष्णतेने काळा पडतो आणि त्यावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात. त्याची झेरॉक्स काढावी. झेरॉक्सची शाई पाण्याने पसरत नाही, घरच्या इंकजेट प्रिंटरची बहुधा पसरते. वर्तमानपत्राचा कागद उजेडाने पिवळा पडणार हे धरूनच वापरावा. मला तो पिवळेपणा आवडतो.

दोरा, जर, तार, पत्रा हे जाड साहित्य कागद आणि रंग वाळल्यानंतरच लावावे, आणि ते कडेच्या आत अर्धा सेंटिमीटर तरी ठेवावे. कडेवर आलेला मणी पहिल्याच हाताळणीत सुटतो. दोरा मात्र कडेवरच शोभतो. दोन बाजूंच्या रंगांचे पटत नसेल, तर त्यांच्यामधल्या कडेवरून एक सुती दोरा चिकटवून पाहावा.

शेवटचा हात वॉर्निशचा, आणि तिथे माझ्या हातून झालेले एक नुकसान मला सांगितलेच पाहिजे. कोकणातल्या घरी, ऐन श्रावणात, मी चाळीस ठोकळ्यांना ॲक्रिलिक वॉर्निश दिले. दुसऱ्या दिवशी ते हाताला कोरडे लागले म्हणून एकावर एक रचून खोक्यात भरले. आठवड्याने खोके उघडले तर ठोकळे एकमेकांना घट्ट चिकटलेले होते, आणि सोडवताना एकाचे चित्र दुसऱ्यावर निघून आले. दमट हवेत हा थर वरून वाळतो, पण आत बरेच दिवस मऊच राहतो. तेव्हापासून पावसाळ्यात मी दोन हातांमध्ये पुरता एक दिवस सोडते, नंतर दोन आठवडे ठोकळे सुटे सुटे मांडून ठेवते आणि भरताना मध्ये बेकिंगचा न चिकटणारा कागद घालते.

सहावी बाजू, ज्यावर ठोकळा बसतो, ती मी मोकळी ठेवते. तिथे पेन्सिलीने कागदांची नावे लिहिते. हा हातातला ठोकळा उलटा करून वाचते : आईच्या वाणसामानाच्या यादीची झेरॉक्स, गावच्या एसटीचे तिकीट, मावशीच्या शालूची जर. यादीत ‘गूळ अर्धा किलो’ असे आहे, आणि त्यातला ‘गूळ’ एका बाजूवर आणि ‘अर्धा किलो’ कडेवरून वळून पलीकडच्या बाजूवर आला आहे. आता हा ठोकळा पुढच्या रांगेत देते. कृपया तो हातात घेऊन फिरवून पाहावा.