लसीनंतरचा अर्धा तास

(वेंगुर्ल्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय, 'लहान बाळांचे आजार टाळण्यासाठी'. लसी, जुलाबात द्यायचं ओआरएस, अंगावरचं दूध, हात धुणं, सगळ्यावर बोलणार आहे. पण आधी बाळंतिणीबद्दल बोलू द्या. बाळाला जुलाब का होतात हे विचारत गेलं की बऱ्याचदा आपण आईच्या मनापाशी येऊन पोचतो, आणि तिथवर जायची आपल्याला सवय नाही.

खाडीपलीकडच्या एका वाडीतली मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. तिथे सगळं नीट होतं: शेक, धुरी, अळिवाची खीर, रात्री बाळाला घ्यायला आई आणि काकी. (धुराबद्दल मी नेहमी भांडते. बाळाच्या छातीला धूर वाईटच. पण बाळंतिणीला सव्वा महिना एकटं सोडायचं नाही, ही रीत ज्यांनी घातली त्यांना खूप कळत होतं.) तिसऱ्या महिन्यात ती पाळणा घेऊन सासरी आली. नवरा ट्रॉलरवर. पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठली की ही माणसं समुद्रावर जातात, ती चार-चार, आठ-आठ दिवस घरी नसतात. सासू काजूच्या कारखान्यात. म्हणजे दिवसभर घरात ही आणि ते लेकरू.

बाळाला एकसारखे जुलाब. तक्त्यावरची वजनाची रेघ आडवी झालेली, म्हणजे वजन वाढेना. अंगावरचं दूध कमी झालं म्हणून बाटली आली, बाटलीत पाणी घातलेलं पिशवीचं दूध, आणि ती बाटली उकळायला उठायचं त्राण त्या मुलीत नव्हतं. दहाव्या आठवड्याची लस चुकली. एका दवाखान्यात गेली, तर रांगेतल्या सगळ्यांसमोर तिला ऐकवलं गेलं, 'आई आहेस की कोण? पोराकडे लक्ष नको द्यायला?' त्यानंतर तिने दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही. मंडळी, मला याचा आजही संताप येतो. आजारी माणसाला आजाराबद्दल शिव्या घालायच्या, आणि परत आली नाही की तिलाच बेजबाबदार म्हणायचं!

घरच्यांनी दिष्ट काढली, देवाला गाऱ्हाणं घातलं. त्याला माझा विरोध नाही. आरवलीच्या वेतोबासमोर मीही हात जोडते. गाऱ्हाणं घालणाऱ्या सासूला काळजी होती, म्हणूनच पुढे तीच सगळ्यात उपयोगी पडली.

एक दिवस तिथल्या आशाताई गेल्या. वजनकाटा बाजूला ठेवला, बाळाला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि विचारलं, 'तुझा मन लागता काय गो?' बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, 'पोर रडता ता आयकाक येता. पन शेजाऱ्याच्या घरात रडता तसा वाटता.'

हे नैराश्य. आळस नव्हे, नखरे नव्हेत, वेड तर नव्हेच. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं, चिडचिड होते, ते बहुतेक जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्यापुढेही टिकलं, झोपायला मिळूनही झोप लागेना, बाळाकडे पाहून काही वाटेना, तर त्याला उपचार लागतो. या मुलीचं रक्तही फार कमी होतं, ते तपासलंच पाहिजे आणि थायरॉइडही, कारण दोन्हीत माणूस असाच गळून जातो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मनोविकारतज्ज्ञांनी अंगावर पाजताना चालणारं औषध दिलं. सासूने रात्रपाळी घेतली. बाटली सुटली, जुलाब थांबले, राहिलेल्या लसी झाल्या.

आता माझी तक्रार. बाळंतीण घरी आली की आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यायची असते. उत्तम योजना. पण आपल्याकडे या भेटी होतात माहेरच्या गावात. त्यानंतर मुलगी सासरी जाते, आशाताई बदलतात, उपकेंद्र बदलतं, एका गावच्या यादीतून नाव जातं आणि दुसऱ्या गावच्या यादीत चढत नाही. नेमकी ती एकटी पडते तेव्हाच कुणाच्या वहीत नसते! एक फोन पुरतो. माहेरच्या ताईंनी सासरच्या ताईंना कळवावं: अमुक घरात बाळंतीण येतेय, जाऊन बस. यासाठी वरून आदेश यायची वाट का पाहायची?

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे जे सांगायला आले ते आता भराभर सांगते.

तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. तिथे डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के बायकांना नैराश्य होतं. त्यातल्या बहुतेकींना त्रास गरोदरपणातच सुरू झालेला. गरिबी, नवऱ्याशी न पटणं आणि मुलगी होणं यांनी धोका वाढत होता. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की अशा आयांची बाळं सहा महिन्यांची होईतो वजनात आणि उंचीत मागे पडलेली असतात.

आणि उपाय? पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. अतीफ रहमान यांनी आपल्या आशाताईंसारख्याच आरोग्यसेविकांना आईशी बोलायचं शिक्षण दिलं. 2008 साली निकाल आले: सहा महिन्यांनी, ज्यांच्याकडे या शिकलेल्या सेविका जात होत्या त्या गटात 23 टक्के आया नैराश्यात होत्या, दुसऱ्या गटात 53 टक्के. बाळांच्या वजन-उंचीत ठळक फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. पण पहिल्या गटातल्या बाळांना जुलाब कमी झाले आणि त्यांच्या लसी जास्त पूर्ण झाल्या. डॉक्टर नव्हते हो तिथे, गावातल्याच बायका होत्या.

म्हणून माझी मागणी एवढीच. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला बाळाला लस देतात आणि मग अर्धा तास थांबवतात. बाळाला काही त्रास होत नाही ना, एवढंच तेव्हा पाहतात. तो अर्धा तास आईला द्या. तिला जरा बाजूला बसवा, सासूसमोर नको. दोन प्रश्न विचारा: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, हताश राहतं का? कशातच रस वाटेनासा झालाय का? एकाचंही उत्तर 'हो' आलं तर पुढचं विचारा, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी सांगा. दवाखाना लांब असेल तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मात्र एखादी बाळंतीण भलतंच बोलायला लागली, भास होऊ लागले, स्वतःला किंवा बाळाला काही करण्याचं बोलली, तर फोन आणि सल्ल्यांत वेळ घालवू नका. असं हजारात एक-दोघींनाच होतं, पण तिला क्षणभरही एकटी ठेवायची नाही आणि त्याच तासाला गाडी काढून मोठ्या रुग्णालयात न्यायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

ओआरएस राहिलंच. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सगळं पाकीट, आणि सोबत झिंक चौदा दिवस. आशाताई ज्या आल्या असतील त्यांनी चहाला थांबा, ते दोन प्रश्न मालवणीत लिहिलेले कागद मी सोबत आणलेत.