दोन काठ, तीन धोटे

नमस्कार श्रोतेहो. घरात आईचं, आजीचं करवती काठाचं लुगडं असेल तर आज पेटीतून काढा आणि काठ उलटा करून बघा.

मधलं अंग कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, काठ सुती. दोन्ही जुळतात तिथं करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. नाव त्यावरूनच पडलं. विणताना आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो धोटा; डाव्या काठाला एक, उजव्याला एक, अंगाला तिसरा. दर फेकीला दोन्ही जोडांवर धागे एकमेकांत अडकवायचे. त्यामुळे कोशाचा मधाळ धागा काठात शिरत नाही, लाल काठ लालच राहतो. एकच धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवला की काठ मातकट दिसतो. यंत्रमागाच्या स्वस्त नकलेत नेमकं हेच होतं.

माझे आबाजी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीकडचे कोष्टी. पलीकडचा धोटा फेकायला मी बसायची. जरा हात थांबला की आवाज यायचा, "काहून थांबली वो?" आता पोरं शाळेत जातात, आणि जायलाच पाहिजे. पण मग त्या दुसऱ्या हाताची मजुरी कोण देणार? साडीच्या भावात ती कुणी धरतच नाही. या साडीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, 2015 पासून 7 ऑगस्टला हातमाग दिनही होतो. चांगलंच आहे. पण हारतुरे काही धोटा फेकत नाहीत.

कोसाही फुकट येत नाही बरं. गडचिरोली-चंद्रपूरकडे ढिवर मंडळी ऐन-अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर अळ्या पोसतात, पाखरं हाकत दिवस काढतात.

माझी भाची पदरावर कुंचल्यानं पळस रंगवते. रंगही पळसफुलांचाच, तुरटी घालून पक्का केलेला. कोसा मुळात पिवळसर, त्यावर तो रंग उठेना. तीनदा कापड वाया गेलं. आधी मी नाक मुरडलं होतं, खोटं कशाला बोलू? आता माझी अट एकच: पदर तुझा, काठाला ब्रश लावायचा नाही.

यंदा आम्ही साडीच्या चिठ्ठीवर दोन मजुऱ्या वेगळ्या लिहिल्या. नागपूरच्या एका बाईंनी विचारलं, "ही दुसरी कशाची?" मी काही बोलले नाही. साडी उलटी करून त्यांच्या हातात दिली.