सत्तरीनंतरचा गांजा

कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीमधील लगूना वूड्स व्हिलेज ही निवृत्तांची वसाहत आहे. पंचावन्न वर्षे पूर्ण केलेल्यांसाठीच ती वसवली गेली आणि आज तेथे सुमारे अठरा हजार माणसे राहतात. काही वर्षांपूर्वी या वसाहतीतून एक बस निघू लागली. सांता आना शहरातील गांजाच्या एका परवानाधारक दुकानाने ती पाठवलेली असे. प्रवास मोफत, वर जेवणही. काठी टेकत उतरलेली मंडळी काचेच्या कपाटासमोर उभी राहून गुडघ्यांसाठी मलम मागत, झोपेसाठी जिभेखाली घ्यायचे थेंब मागत, आणि पाकिटावरचे आकडे चष्मा सावरून वाचत.

ही पिढी नेमकी कोणती, हे लक्षात घेतले पाहिजे. १९७० मध्ये अमेरिकेच्या संघीय कायद्याने गांजाला हेरॉइनच्या पंक्तीत, सर्वांत कडक बंदीच्या पहिल्या अनुसूचीत बसवले, तेव्हा ही माणसे विशी-तिशीत होती. त्याच्या आदल्याच वर्षी गॅलप या संस्थेने घेतलेल्या जनमत चाचणीत गांजा कायदेशीर करावा असे म्हणणारे केवळ १२ टक्के होते. महाविद्यालयात दोन झुरके मारून पुढे नोकरी-संसारात ते सारे विसरलेले लोक या पिढीत आहेतच. पण ज्यांनी आयुष्यात कधी गांजाला हात लावला नाही, मुलांनाही धाक दाखवून त्यापासून दूर ठेवले, असेही पुष्कळ आहेत. खरे कुतूहल आहे ते या दुसऱ्या गटाचे.

त्यांच्या मनातील दार किलकिले करण्याचे काम पहिल्यांदा एका वयस्कर बाईनेच केले, असे म्हणता येईल. सॅन फ्रान्सिस्कोमधील मेरी जेन रॅथबन एड्सच्या रुग्णांसाठी गांजा घातलेल्या ब्राउनी भाजत असत आणि रुग्णालयात स्वयंसेवा करत असत. १९८१ मध्ये त्यांना अटक झाली तेव्हा त्या साठीच्या उंबरठ्यावर होत्या. १९९२ मध्ये पुन्हा अटक झाली तेव्हा सत्तरीच्या. 'ब्राउनी मेरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आजीकडे पाहून गांजेकस हा शब्द कोणाच्याही तोंडी येणे कठीण होते. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी औषधी वापराला मान्यता दिली. २०१२ मध्ये कोलोराडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी प्रौढांच्या खासगी वापरालाही होकार दिला आणि १ जानेवारी २०१४ रोजी कोलोराडोत दुकाने उघडली. २०२३ मध्ये गॅलपच्या चाचणीत पाठिंबा ७० टक्क्यांवर पोहोचला होता. ज्येष्ठांमधील पाठिंबा तरुणांपेक्षा कमी राहिला, तरी ओघ त्याच दिशेचा होता.

वापराचे आकडे अधिक बोलके आहेत. पासष्ट आणि त्यापुढील अमेरिकनांपैकी वर्षभरात एकदा तरी गांजा घेतलेल्यांचे प्रमाण २००६ च्या सुमारास अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. २०१५ मध्ये ते २.४ टक्के आणि २०१८ मध्ये ४.२ टक्के झाले. २०२३ मध्ये तर नुसत्या मागील महिन्यात गांजा घेतल्याचे ७ टक्क्यांनी सांगितले.

दुखणे, निद्रानाश आणि अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाचे डोळ्यांसमोर घडलेले थैमान, ही कारणे तर आहेतच. तथापि आमच्या मते मोठा फरक पाडला तो दुकानाने. वस्तू तीच, पण कोपऱ्यावरच्या अंधारातून ती लख्ख दिव्यांखाली आली, तिला पाकीट आले, पाकिटावर मिलिग्रॅम आले, आणि जन्मभर कायदा पाळलेल्या माणसाला कायद्याचाच आधार मिळाला.

मात्र वस्तू अगदी तीच राहिली नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाचे प्रमाण १९९५ मध्ये सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास होते. अलीकडे ते १५ टक्क्यांच्या पुढे गेले आहे. त्यामुळे महाविद्यालयीन आठवणीच्या भरवशावर मात्रा ठरवणारा माणूस चुकतो. खाण्याच्या गोळ्यांत, म्हणजे गमींमध्ये, धोका आणखी वेगळा आहे. परिणाम जाणवायला अर्धा तास ते दोन तास लागतात; तोवर काहीच झाले नाही असे वाटून दुसरी गमी तोंडात जाते आणि मग दोन्ही एकदम चढतात. चक्कर, रक्तदाबातील चढउतार, गोंधळलेपण, पडणे. आणि सत्तरीत पडणे म्हणजे अनेकदा खुब्याचे हाड मोडणे. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधाचा परिणामही गांजामुळे वाढू शकतो. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला. तेथील ओंटारियो प्रांतात २०२० मध्ये गांजा घातलेले खाद्यपदार्थ विक्रीस आल्यानंतर गांजाच्या विषबाधेमुळे तातडीच्या विभागात येणाऱ्या ज्येष्ठांचे प्रमाण कायद्यापूर्वीच्या तिपटीहून अधिक झाले. कॅलिफोर्नियात गांजाशी संबंधित निदान झालेल्या ज्येष्ठांच्या अशा भेटी २००५ मध्ये ३६६ होत्या, २०१९ मध्ये १२,१६७. यातील काही वाढ डॉक्टर आता विचारू लागले आणि रुग्ण कबूल करू लागले म्हणूनही असेल. पण सगळी तशी नसावी.

मुलांकडे अमेरिकेत राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांसाठी येथे एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. राज्याने दिलेली मुभा ही संघीय कायद्याची मुभा नव्हे. ग्रीनकार्डधारकाने नागरिकत्वासाठी अर्ज केल्यास, राज्यात कायदेशीर असलेला गांजाही त्याच्या आड येऊ शकतो, असे तेथील नागरिकत्व खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केले होते. आणि गुडघ्यांना आराम पडला म्हणून उरलेले पाकीट बॅगेत टाकून मुंबईला उतरणे, हा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली थेट गुन्हा ठरू शकतो. महाशिवरात्रीच्या भांगेचे उदाहरण तेथे कामाला येणार नाही.

लगूना वूड्सची बस परतते तेव्हा प्रत्येकाच्या मांडीवर एक छोटी कागदी पिशवी असते. घरी गेल्यावर ती रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांशेजारी ठेवली जाते. पुढच्या तपासणीला जाताना त्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसाठी नीट लिहून घेतली जाते. पिशवीतील डबीचे नाव त्या यादीत बहुधा नसते.