छोट्या लाइनची गाडी आणि आम्ही दोघं

नमस्कार श्रोतेहो, दिवाळी पाडव्याच्या तुम्हा सर्वांना शुभेच्छा. आजचा दिवस नवरा-बायकोचा, म्हणून आमच्या दोघांच्या प्रवासाबद्दल बोलते.

लग्न होऊन मी इंदूरला आले ती भरल्या घरात. सासू-सासरे, दीर, नणंदा, शिवाय पाहुणेरावळे. दिवसभरात ह्यांच्याशी बोलणं व्हायचं ते चहा ठेवू का, डबा भरू का, एवढंच. मनातलं बोलायला मिळालं ते छोट्या लाइनच्या, म्हणजे रुळांमधलं अंतर कमी असलेल्या मीटरगेजच्या गाडीत. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, त्यातून १८७० च्या दशकात ही खंडवा-इंदूर लाइन झाली. आमच्या संसारावर त्या महाराजांचे केवढे उपकार आहेत!

ओंकारेश्वरला निघालो की महूच्या पुढे पातालपानीपासून घाट लागायचा. गाडी अगदी सावकाश उतरायची, बोगद्यात शिरायची, पावसाळ्यात धबधबा दिसायचा. घाट आला की हे आपणहून उठून मला खिडकीजवळ बसवायचे. कालाकुंड स्टेशनावर पळसाच्या पानात कलाकंद मिळायचा. एकच पान घ्यायचं आणि दोघांनी त्यातच खायचं. घरी सासूबाईंसमोर हे कसं जमलं असतं?

अशाच एका खेपेला मी धीर करून म्हटलं, मला कॉलेज पूर्ण करायचंय. हे काहीच बोलले नाहीत. चोरल गेलं, बलवाडा गेलं, बडवाहही गेलं. गाडी नर्मदेच्या पुलावर आली, मी मैयाला नाणं वाहिलं, हात जोडले, तेव्हा म्हणाले, "जुलैत फॉर्म भरू. आईला मी सांगतो." आणि खरंच सांगितलं. माझी बी.ए.ची पदवी त्या पुलावरची आहे, असंच मी मानते.

महेश्वरला तर हे विणकराच्या मागाशेजारी मांडी घालून बसले. विणकरदादांनी साडीचा काठ उलटून दाखवला, दोन्ही बाजू सारख्याच. ह्यांनी त्यावरून कितीदा बोट फिरवलं! साडी पगाराच्या मानाने महागच होती, तरी घेतली. अजून नेसते मी ती.

आता गेज बदलायच्या, म्हणजे रूळ रुंद करायच्या कामासाठी जुनी लाइन बंद झाली. पातालपानी ते कालाकुंड एवढ्या टप्प्यावर २०१८ च्या डिसेंबरात हेरिटेज गाडी सुरू झाली, तिच्यातून नातीला फिरवून आणलं. नवीन जोडप्यांनी एकदा तरी त्या घाटात जावं, आणि फोन पिशवीत ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

मांडू मात्र राहून गेल्यासारखं आहे. श्रावणात गेलो होतो, सगळीकडे धुकं. रूपमती मंडपातून स्वच्छ हवेत नर्मदा दिसते, ती काही दिसली नाही. म्हणून यंदा ओवाळणीत मी मांडूचा एक मुक्काम मागितला. मुलं लगेच म्हणाली, आम्हीही येतो. तर हे म्हणाले, "तुम्ही पुढच्या वेळी."