'घोस्ट्स ऑफ मार्स'मधली भीती कुठे निसटली?

मित्रहो, अमेरिकी दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचा 'घोस्ट्स ऑफ मार्स' हा विज्ञान-भयपट ऑगस्ट 2001मध्ये प्रदर्शित झाला. खर्च सुमारे 2 कोटी 80 लाख डॉलर आणि जगभरातली तिकीटविक्री त्याच्या निम्म्याच्या आसपास. कार्पेंटरचा पुढचा पूर्ण लांबीचा चित्रपट यायला 2010 साल उजाडलं. 'हॅलोविन' आणि 'द थिंग' हे भयपट ज्याच्या हातून घडले, त्याचा हा चित्रपट आहे. म्हणूनच तो का फसला, हे पटकथेत शिरून बघायला हवं.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. 1982 साली 'द थिंग'सुद्धा आपटला होता, समीक्षकांनी त्यालाही झोडपलं होतं, आज तो अभिजात मानला जातो. मग 'घोस्ट्स ऑफ मार्स'चंही उद्या तसंच होणार नाही कशावरून? आक्षेप रास्त आहे. पण 'द थिंग'च्या वाट्याला वेळ वाईट आली होती. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा 'ई.टी.' लागला होता आणि प्रेक्षक प्रेमळ परग्रहवासीयाच्या भजनी लागले होते. चित्रपटाची आतली बांधणी तेव्हाही पक्की होती. 'घोस्ट्स ऑफ मार्स'ची बांधणीच सैल आहे.

विज्ञान-भयपटाला एक नियम लागतो. संकट कसं पसरतं, कशाने थांबतं, ओळखायचं कसं, हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे आणि पात्रांनी त्या नियमाच्या कचाट्यात सापडून निर्णय घेतले पाहिजेत. 'द थिंग'चा नियम असा : अंटार्क्टिकातल्या संशोधन तळावर शिरलेला परग्रहावरचा जीव कुणाचीही हुबेहूब नक्कल करतो आणि त्याचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जगायला धडपडतो. यातूनच रक्तचाचणीचा प्रसंग जन्माला येतो. तळावरचा वैमानिक मॅकरेडी सहकाऱ्यांना बांधून ठेवतो, प्रत्येकाच्या रक्ताची एकेक बशी भरतो, तांब्याची तार तापवून एकेका बशीत टेकवतो. माणसाचं रक्त असेल तर नुसतं 'चर्र' होतं. पहिली बशी विंडोजची, ती निर्दोष निघते. त्याच्या हाती आग ओकणारं यंत्र दिलं जातं. मग मॅकरेडी स्वतःचं रक्त तपासतो, मग मेलेल्या दोघांचं. त्यातला क्लार्क माणूसच होता असं निघतं, म्हणजे मॅकरेडीने एका निरपराध माणसाला गोळी घातली होती. वाद तळप्रमुख गॅरीवर घसरतो, आपली नजर गॅरीवर खिळते. मॅकरेडी गॅरीशी बोलता बोलता सवयीने पामरच्या बशीत तार टेकवतो आणि ते रक्त किंचाळत उसळतं. त्यातच विंडोज गांगरतो, यंत्र वेळेवर चालवत नाही. या प्रसंगातला प्रत्येक धक्का नियमाच्या पोटातून आलेला आहे. बाहेरून काहीही आणलेलं नाही.

आता 'घोस्ट्स ऑफ मार्स' बघा. साल 2176. मंगळावरच्या शायनिंग कॅनियन या खाणवस्तीत मेलनी बॅलार्ड ही पोलीस अधिकारी आपल्या तुकडीसह जेम्स 'डेसोलेशन' विल्यम्स या कैद्याला न्यायला येते. वस्ती सुनी आहे. आत उलटी टांगलेली, मुंडकी नसलेली प्रेतं. कार्पेंटरला रिकाम्या जागेची जाण किती आहे, हे इथे दिसतं. सुरुवातीचा हा भाग खरोखर चांगला आहे. पुढे उलगडतं ते असं : एक प्राचीन बंद दार उघडलं गेलं, त्यातून मंगळाच्या मूळ रहिवाशांची भुतं लाल धुळीसारखी बाहेर पडली आणि खाणकामगारांच्या अंगात शिरली. आणि नियम? बाधित माणसाला मारलं, तर भूत मोकळं होऊन जवळच्या दुसऱ्या माणसात शिरतं.

हा नियम जबरदस्त आहे. गोळी झाडणं म्हणजेच धोका वाढवणं. प्रत्येक मुडद्यामागे एक भूत खोलीभर हिंडतं आणि खोलीत तर आपलीच माणसं आहेत. मारायचं की नाही, मारलंच तर जवळ कोण उभं असावं, जिवंत पकडता येईल का, दारं-खिडक्या कुठून बुजवायच्या, या प्रश्नांवर अख्खा चित्रपट उभा राहिला असता. पण नियम कळल्यानंतरही पात्रं पूर्वीसारखीच बंदुका चालवत राहतात. शेकडो गोळ्या झाडल्या जातात, प्रेतांचा खच पडतो आणि मोकळ्या झालेल्या भुतांचा हिशोब कुणी ठेवत नाही. एकदा भूत बॅलार्डच्याच अंगात शिरतं, तेव्हा तिच्या तुकडीतला जेरिको तिच्या तोंडात 'क्लिअर' नावाच्या नशेची गोळी सारतो आणि भूत बाहेर फेकलं जातं. एवढा मोठा शोध! पण गोळ्या किती उरल्यात, कुणाला द्यायच्या, असा विचार पुढे होत नाही. संकटावरचा उतारा सापडतो आणि कथा त्याला खिशात ठेवून विसरते.

संशयाचंही तेच. बाधित माणसं आपला चेहरा कापतात, त्यात लोखंड खुपसतात, आरडाओरड करतात. शत्रू लांबूनच ओळखू येतो. 'द थिंग'मध्ये शेजारी बसलेल्याची भीती होती. इथे समोरून धावत येणाऱ्या जमावाची आहे, म्हणजे ती मारामारीची भीती झाली. त्यांचा म्होरक्या तर भरपूर प्रकाशात, पूर्ण आकृतीनिशी, वारंवार दिसतो. पुन:पुन्हा दिसणाऱ्या गोष्टीची दहशत ओसरतेच.

निवेदनाची रचना हा दुसरा मोठा घाव. आगगाडी क्रायसी शहरात पोचते तेव्हा तिच्यात बेड्या घातलेली एकटी बॅलार्ड सापडते आणि ती चौकशी मंडळासमोर जबानी देते. पहिल्या काही मिनिटांतच कळतं की ही वाचली आणि बाकीच्यांचं बहुधा काही खरं नाही. वर तिच्या फ्लॅशबॅकमध्ये दुसऱ्या पात्रांचे फ्लॅशबॅक. कोंडीच्या चित्रपटात घड्याळ सलग चालावं लागतं : कोण कुठल्या दाराशी आहे, किती गोळ्या उरल्यात, मदत यायला किती वेळ आहे. काळ मागे नेला की ते घड्याळ बंद पडतं. संकलनात तर एकाच प्रसंगात, एकच पात्र चालत असताना, डिझॉल्व्ह टाकलेले आहेत. डिझॉल्व्ह, म्हणजे एक दृश्य विरत विरत दुसरं उमटणं, ही वेळ गेल्याची खूण. कोपऱ्यापलीकडे काय असेल या धास्तीने आपण ज्या दोन पावलांची वाट बघत असतो, तीच तो गिळून टाकतो.

याच दिग्दर्शकाने 1976 साली 'असॉल्ट ऑन प्रिसिंक्ट 13'मध्ये कोंडी किती काटेकोर रचली होती! बंद होऊ घातलेलं पोलीस ठाणं, तोडलेल्या फोनच्या तारा, बंदुकांना आवाज दाबणाऱ्या नळ्या लावलेली टोळी, आसपास फारशी वस्ती नाही. हल्लेखोर रस्त्यावरची प्रेतं ओढून नेतात, त्यामुळे गस्तीच्या गाडीला काही दिसत नाही. मदत का येत नाही, याचं उत्तर प्रेक्षकाला प्रत्येक टप्प्यावर मिळतं. ते हल्लेखोर जवळजवळ मुके आहेत आणि म्हणूनच अंगावर येतात. पोलीस आणि कैदी खांद्याला खांदा लावून लढतात ही कल्पनाही तिथलीच. मंगळावर नेताना सांगाडा तेवढा नेला, कारणं मागे राहिली.

मंगळाचाही उपयोग झाला नाही. ग्रह 84 टक्के पृथ्वीसारखा करून झालाय, असं चित्रपट सांगतो. चित्रीकरणाच्या दृष्टीने ही सोय आहे : हेल्मेट नको, चेहरे दिसतात, संवाद सरळ ध्वनिमुद्रित होतात. पण त्याची किंमत मोठी आहे. 'द थिंग'च्या अंटार्क्टिकात बाहेर पडणं म्हणजेच मरण होतं. इथे पात्रं रस्त्यावर बिनधास्त फिरतात. न्यू मेक्सिकोतल्या जिप्समच्या पांढऱ्या खाणीला लाल रंग देऊन मंगळ उभा केला. मेहनत दिसते, पण बहुतेक कथा रात्री घडत असल्यामुळे तो विस्तार अंधारात जातो आणि उरतात सेटच्या चार भिंती.

संगीताबद्दल थोडंच. अँथ्रॅक्स हा मेटल बँड, स्टीव्ह वाय आणि बकेटहेड हे गिटारवादक अशी तगडी मंडळी कार्पेंटरबरोबर वाजवतात आणि वाजवतात झकास. पण गिटार मारामारीला जोर देते. 'हॅलोविन'ची पाच मात्रांची पियानोची धून पुढच्या क्षणाबद्दल धाकधूक लावते. भयपटाला ते दुसरं काम जास्त हवं असतं.

शेवटाकडे ही मंडळी गाडीतून परत फिरतात आणि अणुभट्टीचा स्फोट घडवून भुतांचा निकाल लावायचं ठरवतात. स्फोट होतो. जबानी संपते, बॅलार्ड विश्रांती घेत असते आणि भुतं क्रायसीवर येऊन थडकतात. शरीरं जळाली, भुतं सुटली : हा त्याच नियमाचा सरळ परिणाम आहे. चित्रपटाला तो आठवतो शेवटच्या काही मिनिटांत. विल्यम्स येतो, तिच्या हाती बंदूक देतो आणि दोघं उत्साहाने लढायला बाहेर पडतात, पुन्हा गोळ्या झाडायलाच.